स्टाउट म्हणून बरोबर

रविवारी दुपारी आम्ही दोघं नवराबायको मागच्या दारच्या पायरीवर बसून अवरेकाई सोलत होतो. अवरेकाई म्हणजे इकडचा पावटा. थंडीत बंगळूरला त्याच्याशिवाय घर चालत नाही. भिजवलेला दाणा दोन बोटांत धरून दाबला की साल हातात राहतं आणि आतली डाळ टुणकन उडते. तिची डाळ भांड्यात पडायची, माझी अंगणात. मधे स्टाउटची एक बाटली होती, काळ्या बियरची, आणि दोन स्टीलचे पेले.

"आवडली का?" तिनं विचारलं.

मी घोट तोंडात फिरवला. "स्टाउट म्हणून बरोबर आहे. बाटली स्वल्प जुनी दिसते."

"मी ते विचारलं का?"

"मग काय विचारलंस?"

"कुणाला विचारतेय मी तरी!" असं म्हणून ती इतकी हसली की मांडीवरची सालं सगळी खाली सांडली. मग ती मीच गोळा केली, कारण तिचे गुडघे दुखायचे.

सोमवारी पहाटे ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं, तिला कळलंसुद्धा नसेल. मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? सोललेली डाळ शेजारच्या अक्काकडे देऊन टाकली, उगाच नासायला नको. त्याच दिवशी दुपारी तिला नेलं.

भेटायला येणारे विचारतात, शेवटचं बोलणं काय झालं. मी स्टाउटचं सांगतो तर त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. पण आमच्या घरात तो जुना खेळ होता. कुठलीही चीज तोंडात घातली की ती बरोबर झालीय की चुकलीय हे मला पटकन सांगता यायचं. मला ती आवडली का, हे काही केल्या सांगता यायचं नाही. ते माझ्या तोंडून काढायचंच असा तिनं हट्ट धरला होता. संसारात बाकी सगळं झालं, तेवढं एक राहिलं. म्हणून लिहायला बसलोय. शाळा चौथीपर्यंत झालीय, तेव्हा वेलांटी चुकली तर सोडून द्या.

आमची माणसं तीनेकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि साहेबासमोर मोडकंतोडकं हिंदुस्तानी. मी बियरच्या फॅक्टरीत लागलो तो पिंपं धुवायला. लाकडी पिंपं क्लबांतून, फौजेच्या मेसमधून रिकामी होऊन परत यायची. गरम पाण्यानं धुतली की बुचाच्या भोकाला नाक लावून प्रत्येक पिंप हुंगायचं. आत आंबूस किंवा कुबट वास असला तर बाजूला. तशात नवी बियर भरली तर ती सगळी नासणार. हे काम कुणालाच नको असायचं. दिवसभर ओणवं राहून भोकात नाक घालायचं, त्यात काय मान? मला मात्र जमलं. सगळे मला मूगण्णा म्हणायला लागले. कन्नडमध्ये नाकाला मूगु म्हणतात. मूगण्णा म्हणजे नाकवाला अण्णा. चिडलो नाही. नाव पडायचंच होतं, त्यापेक्षा वाईट पडू शकलं असतं.

एकोणीसशे पन्नासच्या आसपास मला चाखण्याच्या टेबलावर बोलावलं. तेव्हा एक गोरा साहेब अजून मागे राहिला होता, बियर बनवण्याचं सगळं त्याच्या हाताखाली. दुसरा मद्रासकडचा केमिस्ट. तिसरा मी. न्याहारी जिरल्यावर, जेवणाच्या आधी बसायचं. पान बंद, तंबाखू बंद, न्याहारीत कांदा बंद. बायको म्हणाली, "चला, फॅक्टरीनं तरी तुमचं पान सोडवलं, माझ्यानं नव्हतं झालं."

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. साहेबानं ग्लास मांडले. काळी स्टाउट प्यायलो आणि तोंड वाकडं केलं. म्हटलं, बेकार, काढा आहे. मग एक पिवळी आंबटसर होती. म्हटलं, ही एकदम मस्त, ताकासारखी. साहेब हसून लाल झाला, म्हणजे आधीच होता त्याच्याहून लाल. ती पिवळी बिघडलेली होती, मुद्दाम ठेवलेली. काढा म्हटलं ती त्या महिन्याची सगळ्यात चांगली स्टाउट होती.

"तुम पीने आया कि बोलने आया?" साहेब म्हणाला. "पहले नाम पूछो. बाद में चाखो."

आधी नाव विचार. एवढंच त्यानं शिकवलं, आणि तेवढ्यावर माझी नोकरी गेली, म्हणजे निवृत्त होईपर्यंत गेली. लागर, म्हणजे पिवळी बियर, असेल तर ती पातळ, स्वच्छ हवी, गिळल्यावर तोंडात काही राहायला नको. स्टाउट असेल तर ती जळकी, कॉफीसारखी, जिभेवर बसणारी हवी. लागर स्टाउटसारखी लागली तर ती फेकायची, मग ती किती का गोड लागेना. मला हे पटलं ते घरच्या जेवणावरून. चित्रान्न पिवळं, लिंबाचं. पुळियोगरे काळपट, चिंचेचं. दोन्ही भातच. चित्रान्नाला चिंचेची चव लागली तर तुम्ही बोटं चाटत खाल, पण ते चित्रान्न बिघडलं. तुझी आवड तू घरी ठेवून ये, हेच साहेबाचं म्हणणं होतं.

मी ठेवून यायला लागलो. झालं असं की घरी परत आल्यावर ती सापडेना.

एकदा लागरची एक टाकी काहीतरी होऊन वेगळीच उतरली. थंडी जास्त पडली म्हणून, की खमीर बदललं म्हणून, ते केमिस्टलाही सांगता आलं नाही. वास घेतला तर पिकलेल्या केळ्याचा, त्यात लवंग. आम्ही तिघं टेबलावर बसलो. चाखायचं म्हणजे एक घोट घेऊन बाकीचं बाजूच्या बादलीत ओतायचं असतं. त्या दिवशी बादलीत कुणी काही ओतलं नाही. साहेबानं ग्लास रिकामा केला. केमिस्टनं केला, जो एरवी बियरला नाक मुरडून फक्त आकडे बघायचा. मीही केला. मग साहेबानं विचारलं, "क्या बोलता?" केमिस्ट म्हणाला, नापास. मी म्हटलं, नापास. साहेबही म्हणाला, नापास. आणि सगळी टाकी गटारात सोडली.

घरी येऊन बायकोला सांगितलं.

"छान होती म्हणता?"

"तिघांनी ग्लास चाटला."

"मग फेकली कशाला?"

"लागर नव्हती ती."

"अहो, मग नाव दुसरं द्यायचं! एवढे शिकलेले साहेब लोक तिथं, एक नाव सुचलं नाही?"

मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. तिला कळत होतं. पण फॅक्टरी तिच्या डोक्यानं चालत नव्हती.

पुढे एका पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. ताप गेला पण अंगात जीव राहिला नाही, भिंत धरून चालायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारी रोज अर्धा ग्लास स्टाउट द्या, रक्त भरेल. त्या काळी असं सांगायचे. माझी बायको अशा घरातली, की जिथे बियरची बाटली रिकामी असली तरी उंबऱ्याच्या आत येत नसे. मी रोज बियरचा वास घेऊन यायचो तर मला आधी अंघोळ करायला लावायची. ती म्हणाली, औषध आहे ना, मग द्या. देवाकडे पाठ करून बसली, नाक दाबलं आणि घोटभर प्यायली.

"शी! कसलं कडू हे! आणि लोक याला पैसे देतात?"

आठवडाभरानं नाक दाबायचं थांबलं. महिन्याभरानं मीच दुपारी उशीर केला तर स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, औषध संपलं का?"

मग एक दिवस बघतो तर बाई पेल्यात गुळाचा खडा विरघळवतायत. वरून वेलची.

"हे काय चाललंय?"

"कडूपणा मारतेय."

"अगं, कडूच असायला पाहिजे ती. त्यासाठी बाहेरच्या देशातनं फुलं मागवतात, वाळवलेली, पोती भरून. साहेबानं बघितलं तर रडेल. ही स्टाउट राहिली नाही, पायस झालं याचं."

तिनं एक घोट घेतला, जीभ ओठांवरून फिरवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पायस म्हणून बरोबर आहे की नाही ते सांगा."

पायस म्हणून बरोबरच होतं.

ती बरी झाली. रक्त स्टाउटनं भरलं की गुळानं, देव जाणे. पण रविवारची एक बाटली घरात कायमची आली. देवघराचं दार ओढून घ्यायचं आणि मागच्या पायरीवर बसायचं. पुढे या घरात राहायला आलो तेव्हा शेजारच्या अक्कालाही कळलं. ती पहिल्यांदा कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काय हो, काळी कॉफी दोघंच पिताय?" बायको म्हणाली, "औषध आहे अक्का, स्वल्प घेता?" अक्का पळाली. पुढे एकदा घेतली तिनं, पण ते मी लिहिणार नाही.

आता मूळ भांडणाचं सांगतो. गौरीचा सण होता. नैवेद्याचा स्वयंपाक देवाला दाखवेपर्यंत चाखायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मीठ, गूळ, सगळं अंदाजानं. हुंगायचाही नसतो, कारण वास घेतला तरी उष्टं झालं. मी अंघोळ करून सोवळं नेसून स्वयंपाकघरात गेलो, नारळ फोडायला. चुलीवरून पुरणाचं पातेलं नुकतंच उतरलं होतं. वीस वर्षं पिंपं हुंगलेला माणूस मी. वाफ दिसली की मान आपोआप खाली जाते. पातेल्यावर वाकलो, नाक आत घातलं, भरपूर वास ओढला, आणि वर तोंड करून म्हणालो, "वेलची जास्त पडली."

तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"देवाच्या आधी तुमचं नाक?"

"अगं, चुकून..."

"चुकून कसलं! पातेलं म्हणजे काय पिंप आहे तुमचं?"

सकाळपासून उभी राहून केलेलं पुरण. तिनं बाजूला ठेवलं, पुन्हा डाळ शिजत घातली. गौरी तिष्ठत बसली, आमची लहानगी मुलगी भुकेनं रडायला लागली, आणि मी अंगणात उभा. नैवेद्य झाल्यावर तिनं मला पानावर बसवलं आणि मी उष्टावलेलं पुरण पहिल्यांदा वाढलं.

"खा. आता सांगा, एवढं नाक घालून ठेवलंत तर आवडलं तरी का?"

मी खाल्लं. खरं सांगायचं म्हणून म्हणालो, "पुरण म्हणून बरोबर आहे. वेलची..."

"वेलचीचं नाव काढाल तर बघा!" मग खाली बसली आणि एकदम वेगळ्या आवाजात बोलली. "गणपतीला मोदक आवडतात. मारुतीला वडे. कृष्णाला लोणी. सगळ्यांचं मला माहीत आहे. तुम्हाला काय आवडतं ते एवढ्या वर्षांत मला माहीत नाही. मी कुणासाठी रांधते?"

मी विचार केला. खरंच केला, तोंडातला घास तसाच ठेवून. काही सापडलं नाही. म्हटलं, "तू करतेस ते सगळं बरोबरच असतं."

"झालं," ती म्हणाली, "बसले टेबलावर."

त्या दिवसापासून सणावारी मला स्वयंपाकघरात बंदी झाली, आणि तिचा हट्ट सुरू झाला.

साठी उलटल्यावर मी निवृत्त झालो आणि आम्ही राजाजीनगरच्या या घरात आलो. मुलीचं लग्न त्याच्या आधीच झालं होतं. तेव्हाही तेच. मुलगा बघून आल्यावर बायकोनं विचारलं, कसा वाटला? मी म्हटलं, जावई म्हणून बरोबर आहे. उंची, नोकरी, बोलणं, सगळं जागच्या जागी. तिनं कपाळावर हात मारला. "पोरीला आवडलाय ना, मग तुमचा शिक्का नको." जावई चांगला निघाला. माझ्या शिक्क्यानं नाही, पण निघाला.

निवृत्तीनंतर तिला मोकळं रान मिळालं. मला डोळे मिटून बसवायची आणि तोंडात काहीतरी घालायची. "नाव सांगणार नाही. फक्त आवडलं की नाही एवढं बोला." फुटाण्याच्या डाळीची चटणी असली तर मी म्हणायचो, "ही हुरीगडल्याची, खोबरं काल खवलेलं." ती म्हणायची, "ओळखायला कुणी सांगितलं?" एकदा ती फार हुशारीनं वागली. नाचणीचं पीठ, कैरीचा कीस, शेंगदाण्याचं कूट, आणखी काय काय थापून तव्यावर काहीतरी केलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"याला नाव नाही. आत्ता माझ्या डोक्यातनं आलंय. आता काय करता?"

मी एक तुकडा तोडला. चावला. दुसरा तोडला. नाव नसेल तर कशाशी ताडायचं? मला कपाळावर घाम आला, खोटं नाही सांगत.

"हे आहे काय ते आधी सांग ना."

"नाही सांगत."

मी खात राहिलो. शेवटी ती ताटलीकडे बघून म्हणाली, "संपलं की सगळं."

"भूक होती."

"बरं," ती म्हणाली. "भूक तर भूक." पण तिच्या तोंडावर आनंद होता. ते तिनं परत दोनदा केलं. मला वाटतं, जे ताटलीत उरत नसे ते ती मनात कुठेतरी जपून ठेवायची आणि मला सांगायची नाही.

मला मात्र त्या दिवशी धसका बसला. माणसाला काही आवडतच नसेल असं होतं का? पायरीवर बसून मी तिला विचारलंसुद्धा. ती स्टाउटमध्ये गूळ ढवळत होती.

"सगळं त्या टेबलानं खाल्लं का गं माझं?"

"छे! तुम्ही आधीपासूनच तसे. मला बघायला आलात तेव्हा कुठे धड बघितलंत?"

"वडिलांनी बघितलं होतं. मी खाली मान घालून बसलो होतो."

"बरंच झालं," ती म्हणाली. "वर बघितलं असतंत तर हुंगलं असतंत."

असे आम्ही राहिलो. रविवारची बाटली, सकाळी मार्केट, संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर, आणि मधे मधे तिची परीक्षा. दुःख असं काही नव्हतं. आता एकट्यानं आठवत बसतो तेव्हाही बहुतेक वेळा हसूच येतं, मग आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहून घेतो.

मंगळवारी, म्हणजे तिला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घर माणसांनी भरलं होतं. मुलगी आणि जावई दावणगेरेहून आले होते, मेहुणी होती, अक्का होती. घरात चूल पेटवायची नव्हती, त्यामुळे बायका मला काय द्यायचं यावर कुजबुजत होत्या. मेहुणी म्हणाली, मोसरन्न म्हणजे दहीभात देऊ या. अक्का म्हणाली, माझ्याकडे सारू-भात आहे, सरी ना, चालेल? मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले.

"अण्णा, काय खाणार?"

"काहीही दे."

ती रडायलाच लागली. "आईला विचारलं होतं मी. म्हटलं, अण्णांचं काय आवडीचं करू? ती म्हणाली, मलाच अजून कळलं नाही, कळलं की लिहून कळवते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठलो, कोट घातला, चपला घातल्या. कुठे निघालात म्हणून तिघींनी विचारलं. म्हटलं, येतो. सुतकात बाहेर खाऊ नये एवढं मलाही कळतं. कुणाला नावं ठेवायची असतील तर ठेवा.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन भिंतीकडेच्या बाकावर बसलो. पोऱ्या नाही, म्हाताराच वेटर होता. काय पाहिजे म्हणून त्यानं कन्नडमध्ये विचारलं आणि एका दमात सगळं म्हणून टाकलं, इडली, वडा, खाली दोसे म्हणजे साधा डोसा, उप्पिट, केसरीबात. जन्मभर मी यावर एकच उत्तर दिलंय, ताजं असेल ते आण. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. मी लोकांच्या बश्या बघत बसलो. तो परत आला तेव्हा मी म्हटलं, "केसरीबात."

केसरीबात म्हणजे केशरी शिरा, गोड, तेही सुतकात. आणून ठेवला. रंग भडक, तूप हात आखडून घातलेलं, रवा नीट भाजलेला नाही, काजू नावाला एक. केसरीबात म्हणून नापास, चमचा लावायच्या आधीच मला कळलं. पहिला घास घेतला. मग बशी पुसून खाल्ली. भूक नव्हती मला, आदल्या दिवसापासून नव्हतीच.

मी वेटरला हाक मारली आणि आणखी एक बशी मागवली.